पटावरून कमी, रजिस्टरात कायम

आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाचे केक आणि सुप्रभातची फुलं यांच्या गर्दीतून दर दोन-तीन महिन्यांनी एक प्रश्न हमखास डोकावतो. कोणीतरी तीस दिवस फुकट वापरायला मिळणारं सॉफ्टवेअर घेतलेलं असतं. मुदत संपली की ते काढून टाकायचं, पुन्हा नव्याने टाकायचं, म्हणजे आणखी तीस दिवस मिळतील असा हिशेब. पण पडद्यावर उत्तर येतं, तुमची मुदत संपली आहे. मग ग्रुपवर मला विचारणा होते, "काय गं, मी तर काढून टाकलं होतं. त्याला कळलं कसं?" मी तिथे एका ओळीत सांगते की ते पूर्ण गेलेलंच नव्हतं. यंदा स्मरणिकेच्या संपादकांनी पानं दिलीच आहेत, तर त्या एका ओळीमागचा इतिहास सांगते. माझी नोकरीची बरीच वर्षं पुण्यात इन्स्टॉलर तयार करण्यात गेली. इन्स्टॉलर म्हणजे सॉफ्टवेअर तुमच्या यंत्रावर चढवणारा आणि नको असेल तेव्हा उतरवणारा छोटा प्रोग्राम. लोक त्याच्याकडे बघतही नाहीत, 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे जातात. त्या 'नेक्स्ट'च्या मागे बसून मी पोट भरलं.

मराठीच्या बाई हे वाचतील म्हणून शब्दाविषयी आधीच सांगून टाकते. 'अनइन्स्टॉल'साठी काही पडद्यांवर 'विस्थापित करा' असं लिहिलेलं दिसतं. मला ते वाचून दर वेळी धरणग्रस्त आठवतात. मी आपलं 'काढून टाकणं'च म्हणणार आहे.

आपण आठवीत असताना शाळेत कॉम्प्युटर आले ते सगळ्यांना आठवत असेल. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांना बीबीसी मायक्रो ही यंत्रं मिळाली. आपल्याकडे दोन आली. चपला बाहेर काढून, हात पुसून, एका यंत्रासमोर पाच-सहा जण दाटीवाटीने बसायचो आणि कळफलकाला हात लावायला मिळायचा तो बहुधा पहिल्या बाकावरच्यांना. त्या यंत्रात हार्ड डिस्क नव्हती. प्रोग्राम फ्लॉपीवरून नाहीतर कॅसेटवरून मेमरीत यायचा, आणि मेमरी होती ३२ केबी. बटण बंद केलं की सगळं पुसलं जायचं. पुन्हा चालू केलं की 'बीप' वाजून काळ्या पडद्यावर यंत्राचं नाव यायचं आणि आधीच्या तासाला 'अ' तुकडीने काय केलं याचा मागमूसही नसायचा. फळा ओल्या फडक्याने पुसल्यावर राहतो तेवढाही नाही. तेव्हा काढून टाकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण काही राहायलाच येत नव्हतं.

हार्ड डिस्क आली आणि प्रोग्राम बिऱ्हाड करून राहू लागले. डॉसच्या काळात निदान बिऱ्हाड एका खोलीत असायचं. प्रोग्रामची एक डिरेक्टरी, तिच्यात त्याच्या सगळ्या फायली. नको झाला की फायली पुसायच्या, रिकामी डिरेक्टरी काढायची. १९९३ साली एमएस-डॉस ६ बरोबर 'डेलट्री' ही आज्ञा आली आणि एका दमात सगळं झाड उपटता येऊ लागलं. तरीही दोन ठिकाणी खुणा राहायच्या: 'ऑटोएक्झेक.बॅट' आणि 'कॉन्फिग.सिस'. यंत्र सुरू होताना काय काय करायचं याची ती दोन टाचणं. प्रोग्राम येताना त्यात आपली ओळ घालून ठेवी. तो गेला तरी ओळ तशीच. मग रोज सकाळी यंत्र सुरू करताना पडद्यावर 'बॅड कमांड ऑर फाइल नेम' असं उमटायचं आणि बँकेतला साहेब घाबरून फोन करायचा. ती ओळ खोडायला अर्धं मिनिट लागे, पण कोणती ओळ खोडायची हे माहीत असावं लागे.

विंडोज ३.१ आली १९९२ मध्ये, आणि खुणांना घर मिळालं. 'विन.आयएनआय' आणि 'सिस्टिम.आयएनआय' अशा दोन मुख्य फायली होत्या. चौकोनी कंसात प्रोग्रामचं नाव, त्याखाली त्याच्या आवडीनिवडी: खिडकीचा रंग कोणता, प्रिंटर कोणता, शेवटची फाईल कुठे होती. साधा मजकूर असल्यामुळे नोटपॅडमध्ये उघडून वाचता यायचा. मला ती पद्धत अजून आवडते. चाळीतल्या फळ्यावर नावं लिहिलेली असतात तशी, कोण कुठे राहतो ते जिन्यातच कळावं. पण शिस्त कोणालाच नव्हती. प्रत्येक जण आपलं लिहून जाई, जाताना कोणी पुसत नसे. या फायलींना ६४ केबीची मर्यादा होती, आणि वर्षभर वापरलेल्या यंत्रावर 'विन.आयएनआय' फुगून बसलेली असे. शिवाय प्रोग्रामचे डीएलएल, म्हणजे अनेकांना लागणारे सामायिक तुकडे, थेट विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये जाऊन पडत. त्यातला कोणता कोणाचा हे सांगणारं कोणीही नव्हतं. प्रोग्राम विकणाऱ्या बहुतेक कंपन्या काढून टाकण्याची सोय देतच नसत. ती सोय वेगळी विकत मिळे. मायक्रोहेल्प नावाच्या अमेरिकन कंपनीचं 'अनइन्स्टॉलर' हे सॉफ्टवेअर त्यातलंच. एकाने घाण करायची आणि दुसऱ्याने झाडू विकायचा, हा धंदा तेव्हापासूनचा.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली आणि तिने दोन गोष्टी एकदम केल्या. एक, सगळ्या नोंदी 'रजिस्ट्री' नावाच्या एका मध्यवर्ती साठ्यात आणल्या. रजिस्ट्री आधीही होती, विंडोज एनटीत १९९३ पासून, पण घराघरांत पोचली ती ९५ बरोबर. दुसरं, कंट्रोल पॅनलमध्ये 'ॲड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स' ही खिडकी दिली आणि खोक्यावर 'डिझाइन्ड फॉर विंडोज ९५'चा शिक्का हवा असेल तर प्रोग्रामला स्वतःला काढून टाकता आलं पाहिजे अशी अट घातली. माझ्या धंद्याचा जन्म या अटीतून झाला म्हणायला हरकत नाही.

रजिस्ट्री म्हणजे काय हे आपल्या शाळेतल्या कुणालाही मला पाच मिनिटांत समजावता येतं, कारण आपल्या ऑफिसात तिचा सख्खा भाऊ आहे. वर्गात हजेरीपट असतो आणि ऑफिसात जनरल रजिस्टर. आपण दहावी होऊन दाखला घेतला, हजेरीपटावरून नाव कमी झालं. जनरल रजिस्टरातली ओळ मात्र कोणी खोडली नाही. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, शाळा सोडल्याचा दिनांक, कारण. आजही पासपोर्टसाठी नाहीतर जातीच्या दाखल्यासाठी आपल्यापैकी कोणी जातो तेव्हा कारकून तेच जाडजूड बाड काढतात. 'ॲड/रिमूव्ह'च्या यादीतून नाव जाणं म्हणजे हजेरीपटावरून कमी होणं. फरक एवढाच की शाळा ती ओळ जाणूनबुजून, नियमाने ठेवते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत काही ओळी जाणूनबुजून राहतात, काही निष्काळजीपणाने, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

आता कारखान्यात काय चालतं ते सांगते. इन्स्टॉलर सॉफ्टवेअर चढवताना एक वही लिहितो. अमुक फाईल इथे ठेवली, अमुक नोंद रजिस्ट्रीत तिथे केली. काढून टाकताना तीच वही उलटी वाचत जायचं आणि एकेक परत उचलायचं. कागदावर चोख. पण वहीत फक्त इन्स्टॉलरने जे केलं तेच असतं. सॉफ्टवेअर नंतर तीन वर्षं चालताना स्वतः जे लिहितं, तुमच्या आवडीनिवडी, तुम्ही उघडलेल्या फायलींची यादी, तात्पुरत्या फायली, परवान्याचा क्रमांक, ते वहीत कुठेच नसतं. इन्स्टॉलर लिहिणारी टीम वेगळी, सॉफ्टवेअर लिहिणारी वेगळी. मी त्यांना विचारायचे की तुमचा प्रोग्राम चालताना कुठे कुठे लिहितो त्याची यादी द्या. यादी यायची दोन ओळींची आणि प्रत्यक्षात जागा निघायच्या चाळीस. फोल्डरच्या बाबतीत तर नियमच असा की तो रिकामा असेल तरच काढायचा. आत एक जरी अनोळखी फाईल दिसली तरी हात लावायचा नाही. न जाणो, त्यात कुणाचा प्रबंध असायचा.

सामायिक डीएलएलचा घोळ याहून मोठा. विंडोज ९५ने त्यावर मोजणीचा उपाय काढला. रजिस्ट्रीत प्रत्येक सामायिक फाईलसमोर एक आकडा: किती प्रोग्राम हिला वापरतात. आला की एक वाढवायचा, गेला की एक कमी करायचा, शून्यावर आला की फाईल काढायची. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसारखं, शेवटचा बिऱ्हाडकरू गेला की कनेक्शन तोडा. पण काही इन्स्टॉलर आकडा न वाढवताच फाईल टाकून जात, काही दोनदा वाढवत. आकड्यावर कोणाचाच विश्वास राहिला नाही. म्हणून शेवटी तो प्रसिद्ध प्रश्न तुमच्यापुढे यायचा: ही फाईल आता कोणी वापरत नाही असं दिसतं, पण काढली आणि कोणी वापरत असेल तर तो प्रोग्राम बंद पडेल, काढू का? ज्याने यंत्र बनवलं त्याला जे ठरवता येत नाही ते हिशेब लिहिणाऱ्या काकांनी ठरवायचं! काका 'नो टू ऑल' दाबायचे. बरोबरच करायचे.

जास्त पुसण्याची भीती काल्पनिक नव्हती. १९९८ च्या अखेरीस बंजी या अमेरिकन कंपनीने 'मिथ २' नावाचा युद्धाचा खेळ आणला. त्याचा काढून टाकणारा प्रोग्राम, खेळ ज्या फोल्डरमध्ये आहे तो अख्खा फोल्डर पुसत असे. बहुतेकांना काही अडचण नव्हती. पण कोणी खेळ वेगळ्या फोल्डरमध्ये न टाकता थेट डिस्कच्या मुळाशी टाकला असेल, तर खेळाबरोबर डिस्कवरचं सगळंच जाणार. सीडी छापून झाल्यावर हे लक्षात आलं आणि कंपनीला त्या परत मागवाव्या लागल्या. आमच्या धंद्यात ही गोष्ट नव्या पोरांना बागुलबुवासारखी सांगतात. ती ऐकलेला माणूस पुढे आयुष्यभर कमीच पुसतो. खरी गोम इथे आहे. चार नोंदी मागे राहिल्या तर कोणी तक्रार करत नाही, कोणाला त्या दिसतही नाहीत. एक फाईल जास्त पुसली तर रात्री दोनला फोन येतो. सॉफ्टवेअर विकून पैसे मिळतात, काढून टाकणाऱ्याकडून काही मिळत नाही. मग चाचणीची वेळ कमी पडली की पहिली कात्री कशाला लागणार?

एका घरात एकच यंत्र, पण नवरा-बायको-मुलं यांची वेगवेगळी खाती, ही पद्धत विंडोज एक्सपीनंतर रुळली आणि आणखी एक भोक पडलं. प्रत्येकाच्या आवडीनिवडी त्याच्या त्याच्या कप्प्यात. बाबांनी आपल्या खात्यातून सॉफ्टवेअर काढलं तेव्हा मुलीचा कप्पा बंद होता. तो उघडून आतलं पुसण्याची सोय करणं अवघड, आणि दुसऱ्याच्या कप्प्यात परस्पर हात घालावा की नाही हाही प्रश्नच. म्हणून तिथल्या नोंदी तशाच. १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर मायक्रोसॉफ्टने 'विंडोज इन्स्टॉलर' आणला, प्रत्येक कंपनीची वेगळी वही बंद करून एकच सरकारी छापील वही दिली. शिस्त आली खरी. पण वहीच हरवली तर सॉफ्टवेअर निघतच नाही, असा नवा रोग आला. त्यावर मायक्रोसॉफ्टने काढलेलं साफसफाईचं साधन इतर सॉफ्टवेअरच बिघडवत होतं, ते त्यांनी २०१० मध्ये मागे घेतलं.

झाडू विकणाऱ्यांचं मात्र फावलं. 'तुमच्या रजिस्ट्रीत ८४७ चुका सापडल्या' अशी लाल अक्षरं आपल्यापैकी कोणी पाहिली नाहीत? माझं मत स्पष्ट आहे. मागे राहिलेल्या नोंदींनी यंत्र मंद होत नाही. लाखो नोंदींच्या बाडात पाचशे जुन्या ओळी असल्या काय, नसल्या काय. जनरल रजिस्टर जाड झालं म्हणून कधी शाळा उशिरा भरली नाही. या झाडूंवर पैसे घालवू नका. उलट झाडूच कधी घाण घेऊन येतो. सीक्लीनर हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या अधिकृत आवृत्तीतच चोरांनी आपला तुकडा घुसवला होता आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार यंत्रांवर पोचली. सप्टेंबरात ते उघड झालं.

विंडोजलाच झोडपतेय असं वाटू नये. मॅकवर प्रोग्रामचं चित्र ओढून कचरापेटीत टाकलं की काम झालं असं दिसतं, पण 'लायब्ररी' फोल्डरात त्याच्या आवडीनिवडींची फाईल सुखाने नांदत असते. मला यात सगळ्यात सरळ वाटतो तो लिनक्सचा डेबियन हा प्रकार, १९९३ साली इयान मर्डॉकने सुरू केलेला. तिथे काढून टाकण्याच्या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. 'रिमूव्ह' म्हटलं तर प्रोग्राम जातो, मांडणीच्या फायली ठेवल्या जातात. 'पर्ज' म्हटलं तर त्याही जातात. आणि यादी मागितली तर ज्यांचं असं मागे उरलं आहे त्यांच्यापुढे 'आर' आणि 'सी' ही दोन अक्षरं दिसतात: प्रोग्राम गेला, मांडणी आहे. ठेवलं आहे हे सांगून ठेवलं आहे. ठेवण्याला माझा विरोध नाही. आज काढलं, महिन्याने पुन्हा टाकलं आणि सगळी मांडणी जशीच्या तशी सापडली तर कोणाला आवडत नाही? न विचारता ठेवणं खटकतं, आणि फुकट मुदत संपल्याची खूण कुठल्यातरी निरर्थक आकड्यांच्या नावाखाली लपवून ठेवणं त्याहून.

लपवण्याची हद्द झाली २००५ मध्ये. सोनी बीएमजीच्या काही गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की नक्कल रोखणारं एक सॉफ्टवेअर यंत्रात शिरे आणि स्वतःला विंडोजपासूनच दडवून ठेवी. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबरला ते जगापुढे मांडलं. काढून टाकायची सोय नव्हती, आणि हाताने उपटलं तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा होई. ओरड झाल्यावर कंपनीने काढून टाकण्याचं साधन दिलं. प्रिन्स्टनच्या एड फेल्टन आणि ॲलेक्स हाल्डरमन यांनी दाखवून दिलं की ते साधन स्वतःच यंत्रावर एक तुकडा सोडून जातं, आणि त्या तुकड्याच्या वाटेने कोणतीही वेबसाईट आत येऊन हवं ते करू शकते. सीडी परत मागवाव्या लागल्या.

झूमची गोष्ट आपल्याला जवळची. लॉकडाउनमध्ये बत्तीस वर्षांनी आपण सगळे एकमेकांना दिसलो ते झूमच्या चौकटींत. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०१९ मध्ये, जोनाथन लाइटशू या संशोधकाने उघड केलं होतं की मॅकवरून झूम काढून टाकलं तरी त्याचा एक छोटा सेवक आत बसून राहतो, आणि मीटिंगच्या लिंकवर बोट लागलं की न विचारता झूम पुन्हा आणून बसवतो. झूमने तो काढला, आणि ॲपलनेही आपल्या बाजूने गुपचूप एक दुरुस्ती पाठवून जगभरच्या मॅकवरून तो हुसकावला. मागे राहणारी गोष्ट नेहमी निर्जीव खुणच असते असं नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

आता आपल्या शाळेतली गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हा विषय निवडला. या स्मरणिकेसाठी जुन्या शिक्षकांची आणि शिपायांची यादी हवी होती. १९९८ च्या स्मरणिकेत ती छापली होती, पण ऑफिसातल्या एकुलत्या एका प्रतीची शेवटची पानं वाळवीने खाल्लेली. मूळ मजकूर तेव्हा ऑफिसातच टाइप केला होता असं एका सरांना आठवलं. माळ्यावरच्या खोलीत ते यंत्र अजून होतं, विंडोज ९८चं, फडक्यात गुंडाळलेलं. फाईल सापडली. माझ्या लॅपटॉपवर उघडली तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांचा काला. युनिकोड रुळण्याआधी मराठी असंच साठवलं जायचं. प्रत्येक कंपनी रोमन अक्षरांच्या जागांवर आपल्या मर्जीने मराठी अक्षरांचे तुकडे बसवायची, आणि त्या कंपनीचा फॉन्ट नसेल तर मजकूर वाचणं अशक्य. ज्या सॉफ्टवेअरने टाइप केलं ते कधीच काढून टाकलेलं. ते चालवायला प्रिंटरच्या खाचेत लावायचं कुलूप लागे, तेही हरवलेलं.

फाईल पुन्हा त्या जुन्या यंत्रावरच उघडली, आणि सगळं स्वच्छ मराठीत आलं. सॉफ्टवेअर गेलं होतं, त्याचे फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये तसेच होते. फॉन्ट सामायिक असतात, दुसऱ्या कशाला लागत असतील म्हणून काढून टाकणारे प्रोग्राम बहुधा त्यांना हात लावत नाहीत. त्या कंपनीत माझ्यासारखंच कोणीतरी कमी पुसणारं बसलेलं असणार. आम्ही तिघांनी पान-पान पडद्यावर आणून फोटो काढले आणि दोन रविवार बसून युनिकोडमध्ये नव्याने टाइप केलं. या स्मरणिकेच्या शेवटी जी यादी आहे ती हीच. घंटा देणारे मामा, शिवणाच्या बाई, दोनच वर्षं होते ते चित्रकलेचे सर, यांची पूर्ण नावं आम्हाला दुसऱ्या कुठेच मिळाली नव्हती.

त्याच यंत्रावर दुसरंही काही होतं. पत्रं टाइप करण्याचं एक जुनं सॉफ्टवेअर, तेही काढून टाकलेलं. त्याची आयएनआय फाईल राहिली होती, आणि तिच्यात अलीकडे उघडलेल्या फायलींची नावं. फायली कधीच पुसलेल्या. पण तेव्हाच्या कारकुनांनी फायलींना नावं दिली होती ती ईबीसी आणि त्यापुढे मुलाचं आडनाव, वर्ग, तुकडी. फीमाफीसाठी कोणी अर्ज केला होता त्याची ती यादीच होती. आपल्या वेळी ईबीसीचे फॉर्म वर्गात नाव पुकारून दिले जायचे आणि उठून घ्यायला जाताना काही जण खाली मान घालून जायचे, हे आपण पाहिलं आहे. बाईंनी पुढे ते ऑफिसात बोलावून द्यायला सुरुवात केली. त्या मुलांपैकी आज कोणी डॉक्टर असेल, कोणी याच शाळेत पालक म्हणून येत असेल. ते यंत्र भंगारात द्यायचं ठरलेलंच होतं, आणि भंगारवाल्याकडून ते कुणाच्याही हातात गेलं असतं. मुख्याध्यापिका बाईंना मी दाखवलं. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "यादीचं काम झालं ना? मग ही डिस्क बाहेर जाता कामा नये." हवं ते सगळं उतरवून घेतल्यावर आम्ही हार्ड डिस्क काढली, शाळेच्या सुताराकडून तिला चार भोकं पाडून घेतली आणि बाकीचं यंत्र भंगारात दिलं.

घरातलं जुनं यंत्र विकताना तुम्हीही डिस्क काढून ठेवा नाहीतर पूर्ण पुसून घ्या. एकेक प्रोग्राम काढत बसून ते साधत नाही. फोनचं थोडं बरं आहे. ॲप काढलं की त्याचा खासगी कप्पा त्याच्याबरोबर जातो, दोन्ही प्रकारच्या फोनांत. अपवाद आहेतच. आयफोनच्या 'कीचेन'मध्ये ठेवलेला पासवर्ड ॲप काढल्यावरही राहू शकतो. पण आता बरंचसं तुमच्या हातातल्या यंत्रात नसतंच, कंपनीच्या सर्व्हरवर असतं, तुमच्या खात्याच्या नावाने. ॲप काढलं तरी खातं चालूच. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. ॲपलने ३० जून २०२२ पासून, जी ॲप खातं उघडू देतात त्यांनी ते आतूनच बंद करण्याची सोय दिली पाहिजे, असा नियम केला. ती सोय सेटिंगच्या तळाशी, बारीक अक्षरांत असते. ॲप काढण्याच्या आधी ती शोधा. नंतर शोधायला दारच राहत नाही, आणि मग नुसतं खातं बंद करण्यासाठी ते ॲप पुन्हा टाकावं लागतं.